आधी सांगा, हे केलं कोणी?

प्रश्न टेक्सासमधल्या एका आईचा आहे. मुलगी अकरावीत, शाळेत अमेरिकन गव्हर्नमेंट हा विषय. पुस्तकात 'सिव्हिल लिबर्टीज' असा एक धडा आहे आणि 'सिव्हिल राइट्स' असा दुसरा. मुलगी म्हणाली, मराठीत समजावून सांग. आईच्या तोंडी दोन्ही वेळा 'नागरी हक्क' हाच शब्द आला आणि गाडी तिथेच अडली. जोडीला आणखी दोन प्रश्न आहेत. भावाला फेसबुकवरच्या एका पोस्टवरून कंपनीने काढून टाकलं, मग भाषणस्वातंत्र्य देणारी ती प्रसिद्ध पहिली घटनादुरुस्ती काय कामाची? आणि आम्ही अजून ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत, यातलं आमच्या वाट्याला नेमकं काय येतं?

ताई, मला हे तिन्ही प्रश्न एकच वाटतात. गेली तेवीस वर्षं मी न्यू जर्सीत नोकरीतल्या भेदभावाचे आणि पोलिसांविरुद्धचे दावे चालवतो. माणूस समोरच्या खुर्चीत बसला की पहिली दहा मिनिटं काय झालं ते सांगतो. मी ऐकून घेतो, आणि मग विचारतो: हे केलं कोणी? पोलिसाने, सरकारी शाळेने, खाजगी कंपनीने, घरमालकाने, की शेजाऱ्याने? पुष्कळांना हा प्रश्न बिनकामाचा वाटतो. अन्याय तो अन्याय, कोणी का केला असेना! पण अमेरिकेत निम्मा दावा याच उत्तरावर उभा राहतो किंवा पडतो.

मुलीला असं सांगा. सिव्हिल लिबर्टीज म्हणजे सरकारला घातलेली मनाई. माझं बोलणं, माझा देव, माझं घर, माझ्या खिशातले कागद यांच्यापासून सरकारने लांब राहायचं. मराठीत याला 'नागरी स्वातंत्र्यं' म्हणावं. सिव्हिल राइट्स म्हणजे समान वागणूक मिळण्याचा हक्क, आणि तो पाळला जावा म्हणून सरकारने मध्ये पडायचं. हॉटेलवाल्याने रंग बघून खोली नाकारली, मालकाने धर्म बघून बढती अडवली, तर सरकारने दारात येऊन विचारायचं की का रे बाबा? याला 'नागरी हक्क' हा शब्द राखून ठेवावा. पहिल्यात सरकारची भीती आहे, दुसऱ्यात सरकारकडून अपेक्षा आहे. परीक्षेपुरतं एवढं बास होईल. पण ही विभागणी आकाशातून पडलेली नाही. ती कशी झाली ते कळलं तरच भावाच्या नोकरीचं उत्तर कळेल, म्हणून थोडं मागे जातो.

बिल ऑफ राइट्स, म्हणजे पहिल्या दहा घटनादुरुस्त्या, १५ डिसेंबर १७९१ रोजी लागू झाल्या. पहिल्या दुरुस्तीचा पहिलाच शब्द 'काँग्रेस', म्हणजे अमेरिकेची संसद, असा आहे. काँग्रेसने असा असा कायदा करायचा नाही. राज्यांचं नाव नाही, शहरांचं नाही, कंपन्यांचं तर नाहीच. याचा अर्थ काय, हे बाल्टिमोरच्या जॉन बॅरनला फार महागात कळलं. बंदरावर त्याचा मालकीचा धक्का होता, आणि पाणी खोल असल्यामुळे मोठी जहाजं तिथे लागायची. शहराने रस्त्यांच्या कामात ओढ्यांचे प्रवाह वळवले, धक्क्यापाशी गाळ साचत गेला आणि जहाजं येईनाशी झाली. पाचवी दुरुस्ती सांगते की सार्वजनिक कामासाठी खाजगी मालमत्ता घेतली तर भरपाई द्यायची. खालच्या कोर्टात त्याला ४,५०० डॉलर मिळालेही, पण वरच्या कोर्टाने ते काढून घेतले. १८३३ मध्ये सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी सांगितलं की बिल ऑफ राइट्स फक्त केंद्र सरकारला बांधतं, राज्याला आणि त्याच्या शहरांना नाही. म्हणजे स्वातंत्र्याचा एवढा गाजावाजा, आणि ज्या सरकारशी माणसाचा रोज संबंध येतो ते सरकार त्यातून मोकळं!

यादवी युद्धानंतर चित्र बदलायला हवं होतं. तेराव्या दुरुस्तीने (१८६५) गुलामगिरी गेली. चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) राज्यांनाच सरळ बजावलं की कायद्याच्या योग्य प्रक्रियेशिवाय कोणाचं जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता घ्यायची नाही आणि कोणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारायचं नाही. पंधराव्या दुरुस्तीने (१८७०) वंशावरून मताधिकार नाकारायला बंदी घातली. गुलामगिरी गेल्याची बातमी पुण्यापर्यंत पोहोचली होती. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून.

आता त्याच १८७३ सालात अमेरिकेत काय चाललं होतं ते बघा. १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने डझनावारी कृष्णवर्णीय माणसं मारली. दुसऱ्याच दिवशी सुप्रीम कोर्टाने न्यू ऑर्लिन्सच्या खाटिकांच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी चौदाव्या दुरुस्तीतलं एक मुख्य कलम जवळजवळ निकामी करून ठेवलं. कोलफॅक्सच्या हत्याकांडात केंद्राच्या कायद्याखाली जे तिघे दोषी ठरले, तेही १८७६ मध्ये सुटले. कारण असं दिलं गेलं की चौदावी दुरुस्ती राज्याला बांधते, जमावाला नाही. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेची शाई वाळायच्या आधीच तिच्यामागचं वचन मोडायला लागलं होतं. मी जोतीरावांना दोष देत नाही. बातम्या बोटीने यायच्या, आणि त्यांना जे हवं होतं ते त्या दुरुस्त्यांच्या शब्दांत खरोखरच होतं.

शेवटचा घाव १८८३ चा. काँग्रेसने १८७५ मध्ये कायदा केला होता की खाणावळी, नाटकगृहं, आगगाड्या यांत वंशावरून कोणाला नाकारायचं नाही. पाच वेगवेगळे खटले एकत्र सुनावणीला आले. कुठे खोली नाकारलेली, कुठे नाटकाचं तिकीट असून आत सोडलेलं नाही, एका बाईंना रेल्वेच्या महिलांच्या डब्यात बसू दिलेलं नाही. आठ विरुद्ध एक मतांनी कोर्ट म्हणालं की चौदाव्या दुरुस्तीतली मनाई 'कोणत्याही राज्याने' अशी सुरू होते. हॉटेलमालक म्हणजे राज्य नव्हे. खाजगी माणसाच्या भेदभावाला काँग्रेस या कलमाखाली हात घालू शकत नाही. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती ब्रॅडली तर असंही म्हणाले की कधीतरी या माणसांनी कायद्याचे लाडके असणं सोडून साधा नागरिक व्हायला हवं. गुलामगिरी जाऊन तेव्हा अठराच वर्षं झाली होती. एकटे न्यायमूर्ती हार्लन विरोधात उभे राहिले, आणि ते होते गुलाम बाळगणाऱ्या केंटकीच्या घराण्यातले.

इथेच दोन धडे वेगळे झाले. सरकारविरुद्धची स्वातंत्र्यं घटनेत राहिली. खाजगी माणसाविरुद्धची समानता मात्र घटनेच्या बाहेर पडली, आणि तिला आत यायला कायद्याचं मागचं दार शोधावं लागलं.

मराठी माणसाला हे चटकन पटत नाही, कारण आपली घटना वेगळ्या हाताने लिहिली गेली. भारतीय घटनेचं कलम १५(२) वाचून बघा. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते. तलाव हा शब्द वाचताना मला दरवेळी महाडचं चवदार तळं आणि २० मार्च १९२७ आठवतो. पाणी अडवणारा हात सरकारचा नव्हता. उलट मुंबईच्या कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव त्याआधीच केला होता. हात शेजाऱ्याचा होता. म्हणून कलम १७ अस्पृश्यता नुसती राज्याला मना करत नाही, ती कोणीही, कोणत्याही रूपात पाळणं हाच गुन्हा ठरवतं. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात होते. अमेरिकन घटना त्यांनी नुसती वाचलेली नव्हती, तिची भोकंही त्यांना माहीत होती. ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना, अमेरिकेतले हक्क निरपवाद आहेत हा समज खोडायला त्यांनी अमेरिकन सुप्रीम कोर्टाचाच एक निकाल पुढे केला.

तो निकाल म्हणजे 'गिट्लो विरुद्ध न्यूयॉर्क', १९२५. मुलीच्या पुस्तकातही तो नक्की असणार. बेंजामिन गिट्लो नावाच्या समाजवाद्याला एका जाहीरनाम्यासाठी शिक्षा झाली आणि ती कायम राहिली. तो हरला. पण निकालात कोर्टाने जाता जाता गृहीत धरलं की भाषणस्वातंत्र्य चौदाव्या दुरुस्तीच्या वाटेने राज्यांनाही लागू होतं. बाल्टिमोरच्या गाळात रुतलेली गाडी इथे पहिल्यांदा नीट हलली. मग एकेक स्वातंत्र्य राज्यांवर बांधलं गेलं: वृत्तपत्रांचं १९३१ मध्ये, बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा बाद करण्याचा नियम १९६१ मध्ये, शस्त्र बाळगण्याचा हक्क तर अगदी २०१० मध्ये. इंडियानातल्या एका माणसाची ४२,००० डॉलरची लँड रोव्हर जप्त झाली, जेव्हा त्याच्या गुन्ह्याला कमाल दंडच १०,००० होता. त्याच्या खटल्यात, २०१९ मध्ये कुठे अवाजवी दंडाविरुद्धचं कलम राज्यांना लागलं. दिवाणी दाव्यात ज्यूरी मिळण्याचा केंद्रीय हक्क अजूनही राज्यांवर बंधनकारक नाही. थोडक्यात, १७९१ च्या यादीची वसुली आजही चालू आहे.

यातला एक खटला मुलीला गोष्ट म्हणून सांगा. फ्लोरिडात क्लॅरेन्स गिडियन नावाच्या गरीब माणसावर १९६१ मध्ये एका पूल-रूममध्ये (पूल हा बिलियर्डसारखा खेळ) चोरीसाठी घुसल्याचा आरोप आला. त्याने वकील मागितला. कोर्ट म्हणालं, आमच्या राज्यात फाशीच्या गुन्ह्यालाच वकील देतात. त्याने आपली बाजू स्वतःच मांडली, हरला, पाच वर्षांची सजा झाली. तुरुंगातून त्याने पेन्सिलने अर्ज लिहून सुप्रीम कोर्टाला पाठवला. १९६३ मध्ये नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी निकाल दिला की गंभीर फौजदारी खटल्यात गरिबाला राज्याने वकील दिलाच पाहिजे. फेरसुनावणीत वकील होता, आणि गिडियन निर्दोष सुटला. आता आपल्या लोकांना न आवडणारी पुस्ती जोडतो. इमिग्रेशन कोर्ट दिवाणी मानलं जातं. तिथे वकील नेमता येतो, पण सरकारी खर्चाने मिळत नाही. देशाबाहेर काढलं जाण्याची पाळी आलेला माणूस गिडियनपेक्षा एकटा असतो.

समानतेला मागचं दार मिळालं १९६४ मध्ये, आणि ते कुठे मिळालं हे ऐकून हसू येईल. त्या वर्षीच्या सिव्हिल राइट्स कायद्याने हॉटेलं, खाणावळी, नाटकगृहांत वंश, रंग, धर्म, मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी केली. पण १८८३ चा निकाल जिवंत होता, म्हणून काँग्रेसने या भागासाठी मुख्य आधार घेतला तो राज्याराज्यांतल्या व्यापारावर कायदे करण्याच्या अधिकाराचा. अटलांटातल्या २१६ खोल्यांच्या एका मोटेलचा मालक, जो स्वतः वकील होता, सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि हरला, कारण त्याची सुमारे ७५ टक्के गिऱ्हाइकं परराज्यातली होती. बर्मिंगहॅममधल्या 'ऑलीज बार्बेक्यू' या खाणावळीची गिऱ्हाइकं बहुतेक गावातलीच. पण तिने आदल्या वर्षी घेतलेल्या मालापैकी ४६ टक्के मांस गावातल्याच पुरवठादाराकडून आलेलं आणि त्याने ते परराज्यातून आणलेलं. झालं, व्यापार आला, कायदा लागू झाला. माणसाला टेबलाशी बसून जेवायला मिळावं की नाही, हे ठरलं ताटातल्या मांसाचा प्रवास बघून. निकाल बरोबरच होता. पण माणसाची प्रतिष्ठा घटनेच्या व्यापारकलमात शोधावी लागणं, ही मला आजही त्या देशाची लाजच वाटते. मी आता त्याच देशाचा नागरिक आहे, म्हणून म्हणतो.

कायद्यावर उभा असलेला हक्क कायद्याच्या शब्दांएवढाच लांब असतो, हेही ध्यानात ठेवा. नोकरीपुरता १९६४ चा कायदा वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश अशी पाच कारणं सांगतो, आणि किमान १५ कर्मचारी असलेल्या मालकालाच लागतो. दहा माणसांच्या ऑफिसात केंद्राचा हा कायदा पोहोचत नाही. आमच्या न्यू जर्सीचा १९४५ चा कायदा पोहोचतो, कारण त्यात संख्येची अट नाही. 'जात' हा शब्द त्या पाचांत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभावाला बंदी केली, अमेरिकेतल्या शहरांत पहिल्यांदा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसं विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरांनी ऑक्टोबरमध्ये ते नाकारलं. सध्याच्या कायद्यात जात येतेच, असं कारण त्यांनी दिलं. मला हे कारण अर्धंच पटतं. वंशाच्या व्याख्येत पूर्वजांचं कूळ येतं असं सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये म्हटलंय खरं, तरी शब्द लिहिलेला नसला की आधी जात म्हणजे काय हे न्यायाधीशांना समजावण्यातच अशिलाचे पैसे आणि वर्षं जातात. आपल्या मंडळांच्या गणपतीत या विषयावर वाद झालेले मी पाहिलेत. भेदभाव होतो की नाही यावरच तिथे भांडण होतं, कायद्यापर्यंत गाडी येतच नाही.

दोन धडे एकमेकांना धडकतात तेव्हा काय होतं, हे मुलीच्या शिक्षिका हमखास विचारतील. कोलोरॅडोतल्या एका वेबसाइट बनवणाऱ्या बाईंचं म्हणणं होतं की समलिंगी लग्नांसाठी वेबसाइट करायला लावणं म्हणजे मला न पटणारं बोलायला लावणं. राज्याचा भेदभावविरोधी कायदा म्हणजे नागरी हक्क, त्यांचं भाषण म्हणजे नागरी स्वातंत्र्य. २०२३ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी त्या जिंकल्या. मला वाटतं हे दार कोर्टाने जरुरीपेक्षा जास्त उघडलं, पण आमच्याच ऑफिसात यावर एकमत नाही.

आता तुमच्या घराकडे येतो. ग्रीन कार्डाच्या रांगेत असलेल्यांना काय मिळतं? चौदावी दुरुस्ती बारकाईने वाचा. काही ठिकाणी 'नागरिक' आहे, पण योग्य प्रक्रिया आणि समान संरक्षण 'व्यक्ती'ला दिलंय. सॅन फ्रान्सिस्कोत लाकडी इमारतीत लॉन्ड्री चालवायला परवाना लागायचा. चिनी धोब्यांचे अर्ज जवळपास सरसकट नाकारले जायचे आणि इतरांचे मंजूर व्हायचे. यिक वो या नावाने चाललेल्या खटल्यात १८८६ मध्ये कोर्ट म्हणालं की परकीय माणूसही 'व्यक्ती'च आहे, आणि कायदा कागदावर कितीही सरळ असला तरी तो वाकड्या हाताने वापरला तर घटनाबाह्य. १९८२ मध्ये टेक्सासच्याच खटल्यात ठरलं की कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेतून वगळता येणार नाही.

पण याची दुसरी बाजूही आपल्याच माणसांनी सोसलीय. त्या काळी नागरिकत्व 'गोऱ्या व्यक्तीं'ना आणि आफ्रिकी वंशाच्यांना मिळायचं. अमेरिकन सैन्यात काम केलेल्या भगतसिंग थिंद यांनी आपण कॉकेशियन वंशाचे असल्याचं मांडलं. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई त्यातलेच, त्यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. नागरिकत्वाचं दार भारतीयांना १९४६ मध्ये उघडलं, तेही वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासह. हक्क 'व्यक्ती'चे असले तरी देशात राहू द्यायचं की नाही ही वेगळी किल्ली आहे, आणि ती किल्ली आजही सरकारच्याच कमरेला आहे. म्हणून व्हिसावर असलेल्या माणसाला मी सांगतो की भाषणस्वातंत्र्य तुम्हालाही आहे. बोस्टनच्या एका फेडरल न्यायाधीशांनी सप्टेंबर २०२५ मध्ये, पॅलेस्टाइनच्या बाजूने बोललेल्या परदेशी विद्यार्थ्यांवरच्या कारवाईबद्दल, हेच म्हटलं. पण खटला जिंकायला लागणारी वर्षं व्हिसाच्या मुदतीत बसतीलच असं नाही. विमानतळावर तर आणखी जपून. अटक झालेल्या माणसाचा फोन बघायला २०१४ पासून वॉरंट लागतं, पण देशाच्या सीमेवर अधिकारी वॉरंटशिवाय फोन तपासतात.

पोलिसांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण यात आपला स्वभाव नडतो. आपण अघळपघळ माणसं. दारात खाकी दिसला की 'या ना साहेब, बसा' हे आपोआप तोंडी येतं. माझ्या एका अशिलाची गाडी मागचा दिवा बंद म्हणून थांबवली. अधिकाऱ्याने हसून विचारलं, डिकी बघितली तर चालेल ना? हे म्हणाले, बघा की. डिकीत भाच्याच्या मित्राची बॅग होती आणि बॅगेत जे होतं ते यांना स्वप्नातही माहीत नव्हतं. सुटायला चौदा महिने लागले. झडतीला नाही म्हणता येतं, हे पोलिसाने आधी सांगायलाच हवं असं घटना मागत नाही, हे १९७३ पासून ठरलेलं आहे. आमच्या राज्याचे नियम गाडीच्या बाबतीत थोडे कडक आहेत, पण तुम्ही टेक्सासात आहात. तेव्हा शांतपणे, हात दिसतील असे ठेवून म्हणा: माझी झडतीला संमती नाही. तरीही त्याने झडती घेतली तर अडवू नका, ते भांडण नंतर कोर्टात. गप्प राहायचं असेल तर तसं तोंडाने सांगा. नुसतं गप्प बसलेल्या माणसाचं गप्प बसणंच त्याच्याविरुद्ध वापरलं गेलं, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चालवून घेतलं.

आणि पोलिसाने खरोखर हक्क मोडला तर? १८७१ चा, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वंशवाद्यांच्या हिंसक संघटनेला आवरण्यासाठी केलेला कायदा आहे. आम्ही त्याला नुसतं 'नाइन्टीन एटी-थ्री' म्हणतो, तो कलमाचा नंबर आहे, साल नव्हे. शिकाऊ वकीलही यात फसतात. सरकारी अंगरख्यातल्या माणसावर थेट नुकसानभरपाईचा दावा याच कलमाखाली होतो. मात्र जवळपास तशाच घटनेत आधी निकाल झालेला नसेल तर अधिकारी सुटतो, हे कवच कोर्टाने स्वतः विणलेलं आहे, कायद्यात त्याचा एक शब्दही नाही. कवच भेदलं न गेल्यामुळे मी चांगले दावे गमावलेत.

राहिला भाऊ. पेनसिल्व्हेनियातल्या एका शाळकरी मुलीला चीअरलीडिंगच्या वरच्या संघात घेतलं नाही, म्हणून तिने शनिवारी स्नॅपचॅटवर शाळेला शिव्या दिल्या. सरकारी शाळेने तिला वर्षभर संघाबाहेर ठेवलं. २०२१ मध्ये ती आठ विरुद्ध एक मतांनी जिंकली. तुमचा भाऊ कदाचित याहून सभ्य भाषेत लिहूनही हरेल, कारण तिच्यासमोर सरकार होतं आणि त्याच्यासमोर कंपनी आहे. तोच जर सरकारी शाळेत शिक्षक असता आणि नागरिक म्हणून सार्वजनिक विषयावर लिहिलं असतं, तर १९६८ पासूनचा एक चांगला निकाल हाताशी होता. खाजगी नोकरीत मात्र, करार किंवा युनियन नसेल तर, मालक जवळपास कोणत्याही कारणाने काढू शकतो. अपवाद एकच राज्य, मोंटाना.

म्हणून पहिल्या दुरुस्तीचा नाद सोडून त्याला दुसरं काही विचारा. पोस्ट कशाबद्दल होती? पगार, कामाचे तास, सहकाऱ्यांच्या तक्रारी याबद्दल असेल आणि तो सुपरवायझर नसेल, तर १९३५ च्या कामगार कायद्याखाली तक्रार होते, मुदत सहा महिने. तसंच लिहिलेल्या इतरांना ठेवलं आणि यालाच काढलं का? तसं असेल आणि त्यामागे धर्म, वंश किंवा मूळ देश दिसत असेल, तर ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्रीय आयोगाकडे, १८० दिवसांत तक्रार. राज्याची वेगळी यंत्रणा असेल तर ३०० दिवस मिळतात. वंशाचा मुद्दा असेल तर १८६६ च्या कायद्याचा आधार आहे, त्याला कर्मचारीसंख्येची अट नाही. भाऊ कोणत्या राज्यात आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. कनेक्टिकटसारख्या राज्यात खाजगी नोकरालाही भाषणाचं काही संरक्षण आहे.

कंपनीने चार पैसे देऊन सह्या मागितल्या असतील तर आज करू नका म्हणावं. वय ४० किंवा त्याहून जास्त असेल तर वयाच्या दाव्यावर पाणी सोडणारा तो कागद वाचायला किमान २१ दिवस आणि सही केल्यावर मागे घ्यायला ७ दिवस मिळतात. आणि तो एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर सगळ्यात आधी हे बघा: शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त ६० दिवस, आणि आय-९४, म्हणजे मुक्कामाच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेच. ईईओसीचे १८० दिवस मोजत बसला आणि हे ६० निघून गेले, असे दोघेजण माझ्याकडे गेल्याच वर्षी आले होते. कामावरचा शेवटचा दिवस नेमका कोणता हे पत्रावर बघून मला कळवा. कंपन्या कधी कधी पत्रात एक तारीख घालतात आणि पगार दुसऱ्या तारखेपर्यंत देतात, आणि त्यातली कोणती धरायची यावर पुढचं सगळं बसवायचं आहे.